फुलायची तारीख कोण ठरवते?

बीड जिल्ह्यातल्या कोरडवाहू शेतीचा सारा हिशेब शंभर-सव्वाशे दिवसांचा असतो. जिल्ह्याचा वार्षिक पाऊस सरासरी ६५० ते ७०० मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही दरवर्षी भरवशाचा नाही. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मृग नक्षत्र लागते; ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात हस्ताचा पाऊस संपतो. या दोन टोकांच्या मध्ये पिकाने उगवायचे, वाढायचे, फुलायचे आणि दाणा भरायचा. मृग कोरडा गेला, आर्द्राही तशीच गेली आणि पेरणी जुलैच्या मध्यावर ढकलली गेली, तर आधीच तोकडा असलेला हंगाम आणखी तोकडा होतो. अशा वेळी शेतकरी दुकानदाराला एकच प्रश्न विचारतो : ‘किती दिवसांचे वाण आहे?’

प्रश्न साधा वाटतो, पण त्यामागे एक गृहीत दडलेले आहे. रोप आपले दिवस पेरणीपासून मोजते, हे ते गृहीत. काही वाणांच्या बाबतीत ते खरे आहे. नव्वद दिवसांचे वाण जूनमध्ये पेरा की जुलैमध्ये, ते साधारण नव्वद दिवसांतच काढणीला येते. परंतु जुनी, उशिरा येणारी तूर महिनाभर उशिरा पेरली म्हणून महिनाभर उशिरा फुलत नाही. झाड लहान राहते, फांद्या कमी येतात, फुले मात्र जवळपास नेहमीच्याच सुमारास दिसतात. म्हणजे ही तूर आपले वय मोजत नसून बाहेरचे कुठले तरी पंचांग पाहत असली पाहिजे.

रोपांचे हे पंचांग कोणते, हे माणसाला विसाव्या शतकात कळले. गंमत अशी, की त्याचा पहिला धागा ज्या वनस्पतींनी हाती दिला, त्यांपैकी एकीची लागवड आज आपल्याकडे परवान्याशिवाय केली तर तुरुंगात जावे लागते. ती वनस्पती म्हणजे भांग. या लेखात तो धागा धरून पॅरिसपासून व्होल्गेच्या काठापर्यंत जाऊ, आणि तेथून परत बीडच्या शेतात येऊ.

पॅरिसमधली बुटकी रोपे

भांगेच्या झाडाचे उपयोग तीन. खोडाच्या सालीपासून दोर आणि कापडासाठी धागा, बियांपासून तेल, आणि मादी झाडाच्या फुलोऱ्यापासून गांजा. युरोपात शेकडो वर्षे हे झाड मुख्यतः धाग्यासाठी लावले जाई. शिडाच्या जहाजांचे दोर आणि शिडे त्याचीच असत. भांगेत नर आणि मादी झाडे वेगळी असतात. या लिंगभेदाचा अभ्यास ज्युलियँ तूर्न्वा हे फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ १९१०च्या सुमारास पॅरिसमध्ये करत होते. भांगेबरोबर तिच्याच कुळातला जपानी हॉप नावाचा वेलही त्यांनी घेतला होता.

हिवाळ्यात काचघरात पेरलेल्या बियांची रोपे जेमतेम काही पाने फुटताच फुलू लागली, हे त्यांच्या लक्षात आले. हीच झाडे उन्हाळ्यात पुरुषभर उंच होऊन मग फुलत. फरक कशामुळे पडला असावा? काचघरात ऊब होती, पाणी होते, मातीही तीच होती. वेगळा होता तो उजेड. तूर्न्वांनी काही रोपांना दिवसाला फक्त सहा तास उजेड दिला, आणि ती लवकर फुलली. १९१२मध्ये त्यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केले. १९१४च्या लेखात ते आणखी पुढे गेले. लवकर फुलण्याचे कारण दिवस लहान होणे हे नसून रात्र मोठी होणे हे असावे, असे त्यांनी लिहिले. त्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले आणि त्यात तूर्न्वा मारले गेले. त्यांचे काम तेथेच थांबले. त्यांचे ते शेवटचे वाक्य किती अचूक होते, हे कळायला आणखी चोवीस वर्षे जावी लागली.

तंबाखू, सोयाबीन आणि अंधारी झोपडी

पुढचे पाऊल अमेरिकेत पडले. व्हाइटमन गार्नर आणि हॅरी ॲलर्ड हे दोघे अमेरिकेच्या कृषिखात्यात, राजधानी वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टन प्रक्षेत्रावर काम करत. त्यांच्यापुढे दोन कोडी होती. पहिले तंबाखूचे. ‘मेरीलँड मॅमथ’ नावाचा एक नवा प्रकार शेतात आढळला होता. तो दहा फुटांच्या वर वाढे, शंभराच्या आसपास पाने देई, पण थंडी पडेपर्यंत फुलतच नसे. मग बी कुठून मिळणार? त्याचे खुंट काचघरात आणून लावले, की भर हिवाळ्यात लहान रोपेही फुलत.

दुसरे कोडे सोयाबीनचे. ‘बिलॉक्सी’ हे वाण त्यांनी मेपासून पुढे थोड्या-थोड्या दिवसांच्या अंतराने पेरले. हेतू असा, की काढणीही टप्प्याटप्प्याने यावी. झाले भलतेच. रोपांच्या वयात दोन-दोन महिन्यांचे अंतर असूनही सगळी सप्टेंबरात जवळपास एकाच वेळी फुलली. आपल्या जुन्या तुरीचेच हे वागणे.

तापमान, खत, ओलावा यांचे प्रयोग करून झाले. काही हाती लागेना. शेवटी १९१८च्या जुलैत त्यांनी शेतात एक लहानशी अंधारी झोपडी बांधली. तंबाखू आणि सोयाबीनच्या कुंड्या रोज दुपारी चार वाजता झोपडीत ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता बाहेर काढायच्या. म्हणजे ऐन उन्हाळ्यात या रोपांना सातच तासांचा दिवस मिळे. थोड्याच दिवसांत ती फुलली. उघड्यावरची, त्याच वयाची रोपे मात्र हिरवीगार वाढतच राहिली.

१९२०मध्ये त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. दिवस-रात्रीच्या लांबीला रोपांनी दिलेल्या प्रतिसादाला त्यांनी जे नाव दिले, त्याला मराठीत दीप्तिकालिता म्हणतात. वनस्पतींचे तीन गट पडले. दिवस एका ठरावीक मर्यादेपेक्षा लहान झाला की फुलणाऱ्या त्या लघुदिन वनस्पती : सोयाबीन, भांग, शेवंती, बहुतेक जुनी ज्वारी आणि तूर. दिवस मोठा झाल्यावर फुलणाऱ्या त्या दीर्घदिन वनस्पती : पालक, आणि गहू-जवाची जुनी वाणे. आणि दिवसाच्या लांबीची फिकीर न करता ठरावीक वय झाले की फुलणाऱ्या त्या दिन-उदासीन वनस्पती. टोमॅटो हे त्यांचे नेहमीचे उदाहरण.

दिवस नव्हे, रात्र

लघुदिन हे नाव रूढ झाले खरे, पण ते थोडे फसवे आहे. १९३८मध्ये कार्ल हॅमनर आणि जेम्स बॉनर यांनी झँथियम या तणावर प्रयोग केले. आपल्या पडीक रानात हे तण सर्वत्र दिसते. त्याची काटेरी फळे कपड्यांना चिकटतात आणि काही ठिकाणी त्याला गोखरू म्हणतात. दिवसाच्या मध्ये काही वेळ अंधार केला, तर रोपाला त्याचे काही वाटत नसे. परंतु लांब रात्रीच्या मधोमध एक मिनिटभर दिवा लावला, तर फुलणे थांबे. म्हणजे रोप मोजत होते ती अखंड रात्र. तूर्न्वांचा अंदाज खरा ठरला.

रात्र मोजायची, तर ती कधी सुरू झाली आणि कधी संपली हे रोपाला कळायला हवे. हे काम करणारे रंगद्रव्य १९५९मध्ये अमेरिकेतल्या बेल्ट्सव्हिल येथे ओळखले गेले. त्याला फायटोक्रोम म्हणतात. ते पानात असते आणि तांबड्या प्रकाशाने त्याचे रूप बदलते. पानाला मिळालेली ही खबर शेंड्यापर्यंत जाते कशी? ती नेणारा एखादा पदार्थ असला पाहिजे, असे रशियन शास्त्रज्ञ मिखाइल चैलाख्यान यांनी १९३७मध्ये कलमांच्या प्रयोगांवरून मांडले होते. तो पदार्थ म्हणजे पानात तयार होणारे एक लहान प्रथिन असल्याचे २००७च्या सुमारास स्पष्ट झाले.

येथे एक शंका येईल. वॉशिंग्टनला दिवस-रात्रीत मोठा फरक पडतो, पण आपल्याकडे तो कितीसा पडणार? बीड साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. सूर्योदय ते सूर्यास्त असा दिवस धरला, तर तेथे २१ जूनला तो सुमारे सव्वातेरा तासांचा असतो, १ ऑगस्टला तेरा तासांचा, १ सप्टेंबरला साडेबारा, १ ऑक्टोबरला बारा आणि २१ डिसेंबरला अकरा तासांचा. ऑगस्ट-सप्टेंबरात दिवस रोज मिनिटभराने लहान होतो. आपल्याला तो फरक जाणवत नाही, पण रोपाला पुरतो.

आपली पावसाची नक्षत्रेही सूर्याच्या स्थानावरून ठरतात, चंद्राच्या तिथीवरून नाही. म्हणूनच दरवर्षी मृग लागतो तेव्हा दिवसाची लांबी तेवढीच असते. शेतकऱ्याचे नक्षत्र आणि रोपाची रात्र ही एकाच सूर्याच्या कालगणनेची दोन रूपे आहेत.

व्होल्गाकाठची रानभांग

आता पुन्हा भांगेकडे वळू. धाग्याची बहुतेक वाणे साधारण चौदा तासांपेक्षा लहान दिवस मिळाला की फुलायला लागतात. ही भांग रशियातल्या सारातोव्ह या व्होल्गाकाठच्या शहराजवळ उगवली, असे समजू. सारातोव्ह साडेएकावन्न अंश अक्षांशावर आहे. तेथे जूनमधला दिवस साडेसोळा तासांचा असतो आणि चौदा तासांपर्यंत तो येतो ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात. त्यानंतर फुलायचे आणि बी पिकवायचे, तर ऑक्टोबर उजाडणार. तोवर तेथे हिमतुषार पडू लागलेले असतात. ज्या झाडाचे बी पिकत नाही, त्याचा वंश पुढे चालत नाही.

तरीही त्या भागात पडीक जागी, रस्त्याकडेला, उकिरड्यांवर भांग रानटी वाढत होती. १९२४मध्ये सारातोव्हचे वनस्पतिशास्त्रज्ञ यानिशेव्हस्की यांनी तिचे वर्णन करून तिला ‘कॅनाबिस रुडेरॅलिस’ असे नाव दिले. लॅटिनमध्ये ‘रुडेरा’ म्हणजे मोडतोड, राडारोडा; तेथे उगवणारी ती रुडेरॅलिस. झाड बुटके, फांद्या थोड्या, बी लहान आणि पिकताच गळून पडणारे. ती स्वतंत्र जाती मानावी की नाही, यावर वनस्पतिशास्त्रज्ञांत अजून एकमत नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. या रानभांगेतली काही झाडे दिवसाच्या लांबीची वाट पाहतच नाहीत. उगवल्यावर तीन-चार आठवड्यांनी, सोळा तासांचा दिवस असला तरी, ती फुलू लागतात. तोकड्या हंगामावर निसर्गाने काढलेला हा तोडगा : पंचांग पाहणे सोडून द्या आणि आपले वय मोजा.

या तोडग्याची किंमतही आहे. झाडाला वाढायला वेळ मिळत नाही. ते बुटके राहते, धागा कमी देते. फुलायची वेळ आली आणि नेमके तेव्हाच पाण्याचा ताण पडला, तर थांबायचीही सोय नसते.

माणसाने हा गुण पुढे उचलला. १९९५च्या सुमारास फिनलंडमध्ये, सेंट पीटर्सबर्गच्या व्हाविलोव्ह संस्थेतल्या बीसंग्रहातून घेतलेल्या भांगेपासून तेलबियांचे एक वाण तयार करण्यात आले. ‘फिनोला’ या नावाने ते प्रसिद्ध झाले. ते महिनाभरात फुलते आणि उत्तरेच्या तोकड्या उन्हाळ्यात बी देते. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाश्चात्त्य देशांतल्या बीविक्रेत्यांनी हाच गुण गांजाच्या वाणांतही आणला आणि त्यांना ‘ऑटोफ्लॉवर’, म्हणजे आपोआप फुलणारी, असे नाव दिले. नाव नवे असले, तरी गुण व्होल्गाकाठचा जुनाच आहे.

दख्खनचा गांजा

आपल्याकडची भांग याच्या अगदी उलट वागणारी. १८९३-९४ साली ब्रिटिश सरकारने भारतातल्या भांग-गांजाच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला होता. त्याने हजाराहून अधिक साक्षी घेतल्या आणि सात खंडांचा अहवाल दिला. मुंबई इलाख्यातल्या गांजाच्या लागवडीचे मुख्य क्षेत्र तेव्हा अहमदनगर जिल्हा, म्हणजे आताचा अहिल्यानगर, हे होते. हा जिल्हा बीडच्या आष्टी-पाटोदा भागाला लागूनच आहे. बीड मात्र त्या वेळी निजामाच्या राज्यात होते.

बंगालमधल्या नौगाव भागाच्या लागवडीचे वर्णन डेव्हिड प्रेन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९३मध्ये केले. रोपे पावसाच्या उत्तरार्धात शेतात लावत, ती हिवाळ्याच्या तोंडाशी फुलत आणि काढणी जानेवारी-फेब्रुवारीत होई. फुलोरा दिसताच नर झाडे ओळखून उपटायला खास जाणकार माणूस बोलावला जाई. म्हणजे शेतकऱ्याला फुलण्याची वेळ आधीच माहीत असे. दीप्तिकालिता हा शब्द जन्मण्याआधी तिच्यावर आधारलेले वेळापत्रक तयार होते.

दक्षिणेकडच्या या झाडाला घाई करण्याचे कारण नव्हते, कारण येथे हिमतुषार नाहीत. याउलट, युरोपातले धाग्याचे वाण आपल्याकडे जूनमध्ये लावले तर काय होईल? त्याला चौदा तासांहून लहान दिवस हवा, आणि आपला सर्वांत मोठा दिवसच सव्वातेरा तासांचा! ते कोवळ्या वयातच फुलून जाईल. वाण एका अक्षांशावरून दुसरीकडे नेले की त्याचे पंचांग चुकते, ते असे.

हे सारे अर्थात पुस्तकातून समजून घ्यायचे. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार भांगेच्या झाडाची विनापरवाना लागवड हा गुन्हा आहे आणि त्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. झाड लवकर फुलणारे आहे की उशिरा, याने कायद्याला फरक पडत नाही.

ज्वारीने केलेला प्रवास

बीडच्या शेतकऱ्याला भांगेशी काही कर्तव्य नाही. त्याला आहे ते ज्वारीशी. पण ज्वारीची गोष्टही नेमकी हीच आहे. ज्वारी मूळची आफ्रिकेतली, उष्ण कटिबंधातली, लघुदिन वनस्पती. एकोणिसाव्या शतकात ती अमेरिकेतल्या टेक्सास भागात गेली, तेव्हा तेथल्या लांब दिवसांत उशिरा फुलू लागली. मधूनच एखादे बुटके, लवकर फुलणारे ताट दिसे. शेतकऱ्यांनी तशी ताटे वेचून त्यांचे बी जपले. टेक्सासमधल्या क्विन्बी आणि कार्पर या संशोधकांनी १९४५मध्ये दाखवून दिले, की या फरकामागे मोजकीच जनुके आहेत. त्यांतल्या सर्वांत प्रभावी जनुकाची रेणवीय ओळख २०११मध्ये पटली. त्याचे नाव पीआरआर३७. लांब दिवसांत फुलणे रोखून धरणे हे त्याचे काम. ते बिघडले, की रोप दिवसाची वाट पाहणे सोडून देते.

आणि २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, भांगेच्या आपोआप फुलणाऱ्या झाडांतही याच घराण्यातले जनुक बिघडलेले आढळले. गहू आणि जव यांच्यातही याच घराण्यातली जनुके दिवसाच्या लांबीशी असलेले नाते ठरवतात. बोरलॉग यांचे मेक्सिकन गहू १९६०च्या दशकात भारतात रुजले, त्यामागे बुटकेपणाइतकाच दिवसाच्या लांबीबद्दलचा उदासीनपणाही कारणीभूत होता. ज्वारी, भांग, गहू, जव : एकमेकांपासून दूरची ही झाडे, पण तोकड्या किंवा परक्या हंगामाशी जुळवून घेताना सगळ्यांनी एकाच खोलीची कडी काढली.

टेक्सासमध्ये बदललेली ज्वारी मग भारतात परतली. १९६४मध्ये सीएसएच-१ हे आपले पहिले संकरित ज्वारीचे वाण प्रसारित झाले. त्याची मादी बाजू होती ‘कंबाइन काफिर ६०’ हा अमेरिकन वाण. सीएसएच-१ बुटके होते, साधारण शंभर दिवसांत येई आणि स्थानिक ज्वारीपेक्षा कितीतरी अधिक दाणे देई. तोकड्या पावसाच्या मुलखाला हे वरदानच वाटले, आणि धान्याच्या टंचाईच्या त्या वर्षांत ते बऱ्याच अंशी वरदान होतेही.

पण एक गोष्ट हिशेबात नव्हती. जुनी खरीप ज्वारी दिवसाची लांबी पाहून फुले, त्यामुळे तिचा दाणा पाऊस ओसरल्यावर, कोरड्या हवेत पिके. संकरित ज्वारी वय मोजे. जूनमध्ये पेरली, की ऑगस्टच्या अखेरीस निसवून सप्टेंबरात तिचा दाणा भरे; म्हणजे ऐन पावसात. कणसावर बुरशी चढे, दाणा काळा पडे, बाजारात भाव पडे आणि भाकरीला चव राहत नसे. ‘हायब्रीड’ हा शब्द मराठीत बेचव गोष्टीसाठी वापरला जाऊ लागला, त्याचे एक कारण येथे आहे. पुढे खरीप ज्वारीचे क्षेत्र घसरत गेले. त्याला स्वस्त धान्य दुकानांतला गहू-तांदूळ आणि कापूस-सोयाबीनचे भाव हीही कारणे होती. पण काळ्या दाण्याचा वाटा त्यात नक्कीच आहे. घरच्या भाकरीसाठी लोक रब्बीकडेच वळले. १९३०च्या दशकात मोहोळच्या केंद्रावर निवडलेली मालदांडी ३५-१ मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत अजूनही टिकून आहे, कारण तिचा दाणा थंडीच्या कोरड्या दिवसांत पिकतो.

आजचे शेत

आज बीड जिल्ह्यात खरिपात सोयाबीन मोठ्या प्रमाणावर दिसते. गार्नर आणि ॲलर्ड यांचेच हे रोप. १९६०च्या दशकात जबलपूर आणि पंतनगर येथे इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्याने अमेरिकन वाणांच्या चाचण्या झाल्या, तेव्हाही अक्षांशाचा प्रश्न आडवा आला. अमेरिकेच्या दक्षिण भागातले ‘ब्रॅग’सारखे वाण आपल्याकडे जमले, उत्तरेकडची वाणे लवकर फुलून बुटकी राहत. पुढे आपल्याच मातीत तयार झालेली वाणे आली. १९९४चे जेएस ३३५ साधारण ९५ ते १०० दिवसांचे. परभणीच्या कृषी विद्यापीठाची एमएयूएस मालिका खास मराठवाड्यासाठी. तरीही सोयाबीनने पंचांग पाहणे पूर्णपणे सोडलेले नाही. म्हणूनच जुलैच्या अखेरीस पेरलेले सोयाबीन गुडघ्याएवढेही न होता फुलते आणि शेंगा कमी धरते. जमीन तीच, बी तेच, खत तेच. फक्त वाढीचे दिवस कापले गेलेले असतात.

तुरीत दुसरा मार्ग निवडला गेला. जुनी तूर सहा-सहा महिने शेतात उभी राही, आणि ऑक्टोबरात पाऊस गेला की फुलोऱ्याच्या वेळी तिला पाण्याची ओढ बसे. शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या बदनापूर केंद्राने २०१२मध्ये दिलेले बीडीएन ७११ हे वाण १५०-१५५ दिवसांत येते. ओलावा संपण्याच्या आत दाणा भरून घेणे, हा त्यामागचा विचार.

तेव्हा लवकर येणारे वाण नेहमी चांगले, असा सरसकट नियम नाही. पाऊस ज्या तारखेला संपतो ती तारीख साधारण ठरलेली असेल आणि पेरणीची तारीख मागेपुढे होत असेल, तर पंचांग पाहणारे वाण आपली फुलायची वेळ चुकवत नाही. उशिरा पेरले तर उत्पन्न मात्र घटते. पाऊस लवकर उघडण्याची भीती असेल, तर वय मोजणारे वाण बरे. पण लवकर पेरले आणि पाऊस लांबला, तर त्याचा दाणा भिजतो. म्हणून ‘किती दिवसांचे वाण?’ या प्रश्नाला आणखी एक प्रश्न जोडायला हवा : ‘ते दिवस मोजते, की रात्र?’

वर्गात करून पाहा

हे शाळेत सहज पाहता येते, आणि त्यासाठी अंबाडी उत्तम. अंबाडीचे शास्त्रीय नाव हिबिस्कस कॅनाबिनस. त्यातल्या ‘कॅनाबिनस’चा अर्थच भांगेसारखी, कारण तिची पाने तशी दिसतात. तिच्या वाखाला इंग्रज व्यापारी ‘डेक्कन हेम्प’ म्हणत. तीही लघुदिन वनस्पती आहे, आणि वर उरलेल्या पानांची भाजी करता येते.

२० जून, २० जुलै आणि २० ऑगस्ट या तीन तारखांना एकाच बियाण्यातून तीन-तीन कुंड्यांत अंबाडी पेरावी. शेजारी त्याच तारखांना टोमॅटोही लावावा. विद्यार्थ्यांनी चार गोष्टी नोंदवाव्यात : पेरणीची तारीख, पहिले फूल दिसल्याची तारीख, मधले दिवस आणि फुलताना रोपाची उंची. अंबाडीची आणखी एक कुंडी व्हरांड्यात, रात्री दहा-अकरापर्यंत दिवा असतो अशा ठिकाणी ठेवावी. तिचे काय होते ते आधी सांगू नये. मुलांकडून अंदाज घ्यावेत.

तक्ता भरला की पाहा. पेरणीच्या तारखा वेगळ्या असून फुलायच्या तारखा जवळ आल्या, तर रोप पंचांग पाहते. फुलायच्या तारखा वेगळ्या पण मधले दिवस जवळपास सारखे, तर रोप वय मोजते. हीच कसोटी मुलांना घरच्या तुरीला, सोयाबीनला, मुगाला लावायला सांगावी. पेरणी कधी केली होती आणि फूल कधी दिसले, हे घरातल्या मोठ्यांना विचारले की पुरे. दोन-तीन वर्षांच्या अशा नोंदी शाळेत जमल्या, तर पुढच्या वेळी मृग कोरडा जाईल तेव्हा त्या गावाच्या उपयोगी पडतील.